‘जिरली एकदाची!’ म्हणणाऱ्या आजींना

पत्र

सप्रेम नमस्कार. मी बासष्ट वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेतून लिपिक म्हणून निवृत्त झाले. संध्याकाळी सात ते साडेनऊ आमच्याकडे टीव्ही चालू असतो. एका मालिकेतली थोरली जाऊ गेली दोन वर्षं धाकटीला छळत होती. दागिने स्वतः लपवायचे आणि आळ धाकटीवर घ्यायचा, सासऱ्यांच्या गोळ्या स्वतः बदलायच्या आणि बोट धाकटीकडे दाखवायचं. गेल्या रविवारच्या महाएपिसोडमध्ये सगळं बाहेर आलं. सासूने तिच्या मुस्काटात दिली, मग दिराने, मग नणंदेने, आणि शेवटी तोंडाला काळं फासून अख्ख्या गावासमोर तिला वाड्याबाहेर काढलं. मी चक्क टाळ्या वाजवल्या. ‘बरं झालं, जिरली एकदाची!’ असं मोठ्याने म्हणाले. शेजारी बसलेली माझी नऊ वर्षांची नात म्हणाली, ‘आजी, ती रडतीये आणि तू हसतीयेस? आता बास ना, एवढं कशाला?’ मुलगी आतून म्हणाली, ‘आई, हे विकृत आहे.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. मी जन्मात कुणाला टोचून बोललेली नाही. मग कुणाची तरी फजिती बघून मला एवढं सुख का होतं? मी आतून दुष्ट आहे का? मालिका बंद करू का?

– टाळ्या वाजवणारी आजी

ता. क. त्या जावेचं गोड हसणं अगदी आमच्या हेडसरांसारखं आहे. फीचे पैसे त्यांनीच उचलले होते. आळ मात्र शिपाईमामांवर आला आणि त्यांची नोकरी गेली. हेडसर निवृत्त झाले तेव्हा सत्काराची शाल मीच निवडून आणली होती. मामा अजून गावातच असतात. बाजारात दिसले की मी रस्ता बदलते. असो, हे उगीच लिहिलं.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वरचं, आणि मग नुसता ता. क. त्याच्याकडे येणार आहे, पण आधी टाळ्यांचं बघू, कारण झोप त्यांनी उडवली असं तुम्हाला वाटतंय.

टाळ्या मीही वाजवते. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. जमिनीवर सतरंज्या, मधे दोरी, दोरीच्या एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. पडद्यावर निळू फुले नुसते धोतराचा सोगा सावरत आले तरी बायकांच्या बाजूने बोटं मोडल्याचा कडकड आवाज यायचा. ‘मेल्या, तुझं वाटोळं होवो’ हे मी पहिल्यांदा त्या तंबूत ऐकलं, आणि बोलणारी माझी आजी होती, जी घरी मांजरालाही ‘बाळा’ म्हणायची. शेवटी पाटलाला पोलीस घेऊन गेले की ती पदराने डोळे पुसून, अगदी तृप्त चेहऱ्याने, पानाचा डबा उघडायची. पंगतीत पोटभर जेवण झाल्यावर माणसाचा चेहरा होतो ना, तसा. पुढे वाचनात आलं की तोच निळू फुले राष्ट्र सेवा दलात घडलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उतरलेला, अत्यंत साधा माणूस होता. आजी तोवर गेली होती. तिला सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं म्हणा.

तेव्हा जात्याच मायाळू माणसांनाही हे सुख होतं, किंबहुना त्यांनाच जास्त होतं असा माझा अनुभव आहे. ज्याला अन्याय बोचत नाही, त्याला त्याचा निवाडा झाल्याचं कौतुक कुठून असणार? तो त्या वेळी मोबाईल बघत असतो.

आता तुम्ही वापरलेला शब्द बघा. ‘जिरली.’ पाणी अडवा, पाणी जिरवा, ही घोषणा आपल्याकडे शाळेच्या भिंतींवर रंगवलेली असायची. तुमच्याही शाळेच्या असेल. (गावच्या राजकारणात तिचं ‘माणसं अडवा, माणसं जिरवा’ कधी झालं ते कळलंही नाही.) उतारावरून मस्तीत धावणारं पाणी बांधाशी अडतं आणि निमूट जमिनीत उतरतं, ते जिरणं. आपण ‘मेली एकदाची’ म्हणत नाही, ‘जिरली’ म्हणतो. जिरतो तो माज. माणूस जिवंत राहतो, फक्त त्याच्या मानेतला ताठा गेलेला असतो. ‘खोड मोडली’, ‘नक्षा उतरला’, ‘तोंडावर आपटला’ या सगळ्यांत तेच आहे. मराठीत या आनंदासाठी जेवढे शब्दप्रयोग आहेत तेवढे दुसऱ्याच्या यशावर खूश होण्यासाठी नाहीत. हे आपल्याबद्दल फारसं बरं सांगत नाही, पण तूर्त ते सोडून देऊ.

एक गोष्ट आठवून बघा. त्या महाएपिसोडमध्ये तुम्ही टाळी नेमकी कधी वाजवली? मी ती मालिका बघत नाही, पण पैज लावते की पहिली टाळी थपडेला नव्हती. त्याच्या आधी एक क्षण असणार, ज्यात गोळ्यांची खरी बाटली जावेच्या कपाटात सापडली आणि घरातली सगळी डोकी तिच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरचं ते गोड हसू पुसलं गेलं. टाळी तिथे होती. थप्पड नंतर आली, ती फुकटची.

कारण दोन वर्षं तुम्ही काय सोसत होता? रोज रात्री कॅमेरा तिला एकटीला गाठायचा. दाराआड उभी राहून ती हसायची, मागे ते ठराविक संगीत, आणि तिचे सगळे बेत ती तुम्हाला, फक्त तुम्हाला, मोठ्याने सांगायची. मालिकेतली माणसं आपल्या मनातलं भिंतीशी का बोलतात याला उत्तर नाही, पण त्यामुळे तुम्ही साक्षीदार झालात. सासूला माहीत नाही, दिराला माहीत नाही, गावाला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्हाला साक्ष देता येत नाही. ‘अगं, तो दुधाचा पेला घेऊ नकोस!’ असं तुम्ही टीव्हीला ओरडून सांगितलंच असेल. काच मध्ये आहे. तोंडात बोळा कोंबून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं हे आहे, आणि तेही दोन वर्षं, रविवारसकट. महाएपिसोडमध्ये तो बोळा निघाला. जे तुम्हाला एकटीला ठाऊक होतं ते आता सगळ्यांना ठाऊक झालं. दुसऱ्याच्या रडण्यातून मिळालेलं सुख यात फार थोडं आहे. जास्त सुख आहे ते ‘मी म्हणत नव्हते?’ याचं.

हे आपल्याकडे आजचं नाही. महाभारतातलं विराटपर्व घ्या. पांडव अज्ञातवासात आहेत, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करते आहे. राणीचा भाऊ कीचक तिच्या मागे लागतो आणि ती पळत दरबारात येते तेव्हा भर सभेत तिला लाथ मारतो. कंक झालेला युधिष्ठिर तिथेच बसलेला आहे. बल्लव नावाने स्वयंपाकघरात राबणारा भीमही तिथे आहे, दात खातोय, उठण्याच्या बेतात आहे. आणि युधिष्ठिर काय करतो? आपल्या अंगठ्याने भीमाचा अंगठा दाबतो. ओळख उघडी पडली तर पुन्हा बारा वर्षं वनवास, म्हणून. द्रौपदीलाही ‘मी कोण आहे’ हे सांगता येत नाही. सगळं माहीत असलेली माणसं सभेत आहेत आणि एकालाही बोलता येत नाही. व्यासांना महाएपिसोड कसा बांधायचा ते बरोबर ठाऊक होतं. पुढे रात्री नर्तनशाळेत भीम कीचकाचा असा गोळा करतो की हातपाय कुठले ते ओळखू येऊ नयेत. ऐकणाऱ्याच्या मनात तो दाबलेला अंगठा तोवर ठणकत असतो. त्या ठणक्याला उतार पडतो, ते हे सुख.

१९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी याच कथेवर ‘कीचकवध’ नाटक रंगभूमीवर आणलं. खाडिलकर म्हणजे टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, ती करणारा व्हाइसरॉय कर्झन १९०५ मध्ये इंग्लंडला परतलेला. नाटकात कर्झनचं नाव कुठेही नाही. सगळं पौराणिक, मुकुट आणि गदा. पण प्रेक्षकांत बसलेल्या माणसाला कीचक कोण ते सांगावं लागत नव्हतं. द्रौपदी म्हणजे हा देश, सोशिक युधिष्ठिर म्हणजे नेमस्त, भीम म्हणजे जहाल. लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल, ज्याच्यावर टिळकांनी पुढे खटला भरला आणि ते तो हरले, त्याने आपल्या पुस्तकात या नाटकाचा हाच अर्थ छापला. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.

आता विचार करा. नाटकात मेला तो पुराणातला माणूस, ज्याचा वध सगळ्यांना आधीच पाठ होता. सरकार कशाला घाबरलं? राजद्रोहाच्या कायद्याने बाहेर ज्यांची तोंडं बंद होती, ते शेकडो साक्षीदार एका छपराखाली एकाच वेळी टाळी वाजवत होते, आणि शेजारच्यानेही वाजवली हे प्रत्येकाला दिसत होतं. अशी टाळी फार बोलकी असते. तिला विकृत म्हणावं असं त्या काळच्या सरकारला नक्कीच वाटलं असेल.

तुमच्या मुलीचा शब्द मी घेतला, पण तिच्यावर रागावू नका. दिवसभराचं काम करून आलेल्या माणसाला बाहेरच्या खोलीतून थपडांचे आवाज आणि वर आईच्या टाळ्या ऐकू आल्या तर ती दुसरं काय म्हणणार? तिने बाटली सापडल्याचा क्षण बघितलेला नाही. हवं तर तिला हे सांगा. २००६ मध्ये टानिया सिंगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. आधी पैशांच्या खेळात कोण सचोटीने वागतं आणि कोण लबाडी करतं ते लोकांना दाखवलं, मग त्या दोघांच्याही हाताला वेदना देताना बघणाऱ्यांच्या मेंदूत काय होतं ते पाहिलं. लबाडाला चटका बसताना पुरुषांची सहानुभूती आटली, आणि सुख झाल्यावर मेंदूचा जो भाग जागा होतो तो जागा झाला. बायकांत तसं स्पष्ट दिसलं नाही. तेव्हा तुमच्या यजमानांनी टाळी वाजवली नसेल तर त्यांनी ती मनातल्या मनात वाजवली होती असं समजायला हरकत नाही.

नातीचं मात्र वेगळं आहे. ती तुम्हाला दुष्ट म्हणत नव्हती. तिचा शब्द परत वाचा: ‘एवढं कशाला?’ ती माप विचारत होती.

१९७५ मध्ये डॉल्फ झिलमन आणि जेनिंग्स ब्रायंट यांनी मुलांना एक परीकथा दाखवली. एक राजपुत्र दुसऱ्याशी वाईट वागतो, मग डाव उलटतो आणि चांगल्याच्या हातात शिक्षा येते. कथेचे शेवट तीन. एकात तो जवळजवळ सोडून देतो, दुसऱ्यात जेवढ्यास तेवढी शिक्षा करतो, तिसऱ्यात बेसुमार. चार वर्षांच्या मुलांना शिक्षा जितकी जबर तितकी गोष्ट आवडली. सात-आठ वर्षांच्या मुलांना मात्र मधली, तोलून मापून दिलेली, सगळ्यांत आवडली. कमी पडली तरी रस गेला आणि जास्त झाली तरीही गेला. तुमची नात नऊ वर्षांची आहे. तिच्या हातात आता तराजू आलाय आणि ती तो वापरून बघतीये. बाटली सापडली तेव्हा ती गप्प होती की नाही? तेव्हा तिलाही बरंच वाटलं असणार. तिसऱ्या थपडेला तिचं पारडं खाली गेलं. तुमचं गेलं नाही, कारण तुमच्या पारड्यात आधीपासून दुसरंही काहीतरी पडलेलं होतं.

जर्मनीत लायप्झिगला याहून लहान मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ केला होता, त्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक बाहुली मुलांशी चांगली वागते, दुसरी त्यांचं खेळणं बळकावते. मग दोघींनाही काठीचे फटके बसू लागतात आणि तेवढ्यात पडदा पडतो. पुढचं बघायचं तर हातातलं नाणं द्यायचं, ज्याच्या बदल्यात खरं तर स्टिकर मिळाले असते. सहा वर्षांच्या मुलांनी वाईट बाहुलीचे फटके बघायला नाणी मोजली. पण बघताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि कपाळाला आठ्याही होत्या. हे वाचून मला हुश्श झालं. टाळी आणि आठी एकाच चेहऱ्यावर मावते. तुमच्या घरी ती दोन चेहऱ्यांवर वाटली गेली, एवढंच. टाळी आजीकडे, आठी नातीकडे.

आणि आठी पडायला जागा होती, हे मी स्पष्टच सांगते. या मालिकांत शिक्षा बेसुमार का होते? जावेचा खेळ खऱ्या अर्थाने संपवला तर मालिकाच संपेल. म्हणून तिला काढायचं, पण पुरतं नाही. महिना-दीड महिन्याने ती पांढऱ्या साडीत, पश्चात्तापाचे डोळे घेऊन परत येणार. सासू विरघळणार आणि दाराआडचं हसू पुन्हा सुरू होणार. म्हणजे पुढच्या वेळी शिक्षा याहून मोठी लागणार, नाहीतर तुम्ही बघणार नाही. थप्पड, मग तीन थपडा, मग त्याच तीन थपडा तीन बाजूंनी, मग काळं. तिखटासारखं आहे हे, जीभ मरत जाते आणि हात सैल होत जातो.

दुसरं मला जास्त खटकतं. त्या घरातला मोठा मुलगा, म्हणजे जावेचा नवरा, दोन वर्षं काय करत होता? सासऱ्यांनी पुरावा न मागता धाकटीला चोर ठरवलं, त्यांचं काय? त्यांची कधी जिरते का? नाही. ते गच्चीत उभं राहून सुस्कारा टाकतात आणि धाकटी त्यांना चहा नेऊन देते. काळं फासायला नेहमी एकच तोंड असतं, आणि ते बाईचं असतं. आपण टाळी वाजवत असताना बाकीचे दोषी चपला घालून हळूच निघून जातात. पुढच्या महाएपिसोडला एवढं बघा, की कुणाला शिक्षा झाली ते तर बघाच, पण कोण सुटलं तेही मोजा. नातीलाच मोजायला सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला हा खेळ मालिकेपेक्षा जास्त आवडेल, आणि तिच्या पुढच्या आयुष्यात चांगला कामी येईल.

नातीला काय उत्तर द्यायचं, तर तिला सिंधुदुर्गात एकदा दशावतार दाखवा. जत्रेच्या रात्री देवळापुढे आधी गणपती येतो, सरस्वती येते, आणि मग संकासुर येतो, काळा पोशाख, काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ. वेद पळवणारा राक्षस हा! पण तो मालवणीत भटजीची अशी काही फिरकी घेतो की पोरं आधी आईच्या पदरात शिरतात आणि मग खो खो हसत बाहेर येतात. विष्णूच्या हातून तो मरणार हे पहिल्यापासून ठरलेलं आहे, सगळ्यांना माहीत आहे, त्यालाही माहीत असावंसं वाटतं. तो मरतो, माणसं खूश होतात, आणि रात्रभर पुढचं आख्यान रंगतं. उद्या पुन्हा दुसऱ्या गावच्या जत्रेत तो उठून उभा. त्याच्या मरण्याचा आनंद आहे, पण त्याचा द्वेष कुणी घरी नेत नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री तरुण पोरं नरकासुराचे केवढाले पुतळे उभे करतात, त्याच्या मिशा रंगवण्यात रात्र घालवतात आणि पहाटे तोच जाळून टाकतात. कृष्ण त्या मानाने अगदी छोटा असतो. जीव ओतलेला असतो नरकासुरात.

एवढ्या लांब जाणं नको असेल तर दिवाळी आहेच. अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं आणि कडू बी जिभेला लावायचं, हे तिने केलेलं असणार. तिला विचारा, कारीट चिरडताना तुला काय वाटतं? ती म्हणेल, मज्जा येते. मग जिभेला कडू का लावतात, हा पुढचा प्रश्न तीच विचारेल. त्याला शास्त्राचं उत्तर मी देणार नाही, पण मला ती प्रथा आवडते. पायाखाली राक्षस फुटतो आणि त्याची चव आपल्याला घ्यावी लागते. नरकासुरालाही मरताना वर मिळाला होता अशी गोष्ट आहे, की या दिवशी पहाटे न्हाणाऱ्याला नरक नको. आपल्या जुन्या गोष्टींत मरणाऱ्याला शेवटी एक वाक्य बोलू देतात. मालिकेत फक्त रडू देतात.

‘तू बरोबर बोललीस, एक थप्पडही नको होती, पण ती पकडली गेली याचा मला आनंद झाला,’ असं तिला सरळ सांगा. मुलांना हा फरक कळतो. त्या नटीला बाजारात किंवा मोबाईलवर कुणी शिव्या घातल्या तर मात्र हसू नका, इतकंच. बाकी मालिका बंद करायची काहीएक गरज नाही.

आता ता. क.

‘असो, हे उगीच लिहिलं,’ असं तुम्ही म्हणता. ताई, चाळीस ओळी जावेवर आणि पाच ओळी हेडसरांवर, पण शालीचा उल्लेख त्या पाच ओळींत आहे. ती तुम्ही निवडून आणली होती. दुकानात चार शाली उलगडून बघितल्या असतील, काठ कुठला बरा दिसेल ते पाहिलं असेल. मग समारंभ झाला, श्रीफळ दिलं, ‘आदर्श’, ‘शिस्तप्रिय’ वगैरे भाषणं झाली, आणि तुम्ही तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आणि रविवारच्या टाळ्या यांचा काही संबंध नाही असं तुम्ही म्हणू शकता. मला तरी आहे असं वाटतं.

तुमचा अंगठा कुणीतरी दाबला होता. नोकरी होती, घर चालवायचं होतं, हेडसरांच्या सहीशिवाय तुमची रजाही मंजूर होत नसेल. मी तुम्हाला तेव्हा बोलायला हवं होतं असं म्हणणार नाही. खुर्चीत बसून दुसऱ्याला शौर्य शिकवणं सोपं असतं. पण तेव्हापासून तुम्ही साक्षीदार आहात आणि तुमची साक्ष झालेली नाही. म्हणून ती जाऊ तुम्हाला एवढी झोंबली. तिच्या हसण्याची ओळख तुम्हाला आधीच होती.

हेडसरांची जिरवायची इच्छा होत असेल तर ती इच्छा होणं गैर नाही. पण ते करून झोप लागेल याची मला खात्री नाही. २००८ मध्ये केव्हिन कार्लस्मिथ, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खेळात दगा देणाऱ्याला दंड करायची संधी काहींना मिळाली, काहींना नाही. दंड करून बरं वाटेल असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ज्यांनी दंड केला त्यांच्याच डोक्यात तो दगेबाज जास्त काळ घोळत राहिला आणि त्यांचाच जीव जास्त कष्टी झाला. ज्यांना संधी मिळाली नाही ते आपल्या कामाला लागले. पडद्यावरची शिक्षा आपल्याला पचते, कारण ती दुसऱ्याने दिलेली असते आणि भाग संपल्यावर टीव्ही बंद करता येतो. शिवाय हातात कागद नसताना आज कुणाचं नाव घेऊन चारचौघांत बोललात तर मानहानीचं लचांड तुमच्याच मागे लागेल. त्या वाटेला जायचंच असेल तर आधी वकिलाशी बोला.

पण महाएपिसोड तुम्ही अर्धाच लिहून पाठवलाय. जावेला काढल्यानंतर काय झालं? मला न बघता माहीत आहे. सासू धाकटीसमोर उभी राहिली, तिला शब्द सुचेनात, आणि मग ती म्हणाली, ‘आमचं चुकलं गं.’ डोळे तुमचे तिथे भरले असणार. टाळ्या लक्षात राहिल्या, कारण नात बोलली. रडण्याला कुणी हटकलं नाही. या गोष्टींचे दोन तुकडे असतात, दोषी उघडा पडणं आणि ज्याच्यावर आळ आला तो सगळ्यांच्या डोळ्यांत धुऊन निघणं. हेडसरांचा तुकडा आता बहुधा कुणाच्याच हातात नाही. मामांचा मात्र तुमच्या हातात आहे, आणि ते जिवंत आहेत, गावातच आहेत, बाजारात दिसतात.

जा त्यांच्याकडे. भाषण तयार करून जाऊ नका. ‘मामा, ते पैसे तुम्ही घेतले नव्हते, मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी बोलले नाही,’ एवढं पुरे. या वाक्यातलं शेवटचं ‘मी बोलले नाही’ गिळू नका, तेच जड आहे. ते चिडतील कदाचित. ‘आता सांगून काय उपयोग’ म्हणतील, घरातली माणसं तुम्हाला दारातून परत पाठवतील. ऐकून घ्या आणि स्वतःची बाजू मांडू नका. कर्जाचे हप्ते, साहेबांची भीती, यातलं काही नको. आणि ते म्हणाले की हे माझ्या मुलासमोर सांगा, भावकीसमोर सांगा, तर त्यांनी म्हटलेल्या माणसांसमोर सांगा, त्यांनी म्हटलेल्या वेळी. नको म्हणाले तर तुमच्या समाधानासाठी गावभर सांगत फिरू नका. त्यांची गोष्ट आहे, शेवट कसा करायचा ते ते ठरवतील.

बाजाराच्या दिवशी गाठू नका, गर्दीत माणूस कानकोंडा होतो. सकाळी जा, ते अंगणात असतील तेव्हा. पहिल्या खेपेला एकट्याच जा, नातीला नेऊ नका. वेळ लागला आणि संध्याकाळची मालिका चुकली तर चुकू द्या. कोण सुटलं ते नात मोजून ठेवेल.